ओंब्या बाहेर पडायच्या आधी

पहाटे साडेपाच

फेब्रुवारीचा पहिला आठवडा. काल संध्याकाळी गव्हाच्या कोवळ्या रोपांवर तांबेऱ्याचे बीजाणू फवारून ती प्लॅस्टिकच्या बंद पेटीत ठेवली होती. बीजाणू रुजायला पानावर पाणी लागतं, अंधार लागतो आणि साधारण वीस अंशांचा गारवा लागतो. रात्रभर हे तिन्ही मिळालं की तो पानाच्या रंध्रातून आत शिरतो. झाकण काढून टॉर्चच्या उजेडात मी एकेक ट्रे बघते. प्रत्येक पानावर बारीक थेंबांचा थर आहे, कोरडी जागा कुठेच नाही. लागण झाली असणार. डोळ्यांना दिसायला मात्र दहा-बारा दिवस थांबायचं.

शेजारच्या बाकावर दोन आठवड्यांपूर्वी लागण केलेली रोपं आहेत, त्यांचा निकाल आज लिहायचा. शून्य ते चार अशी ही मोजणी अमेरिकेतल्या मिनेसोटात ई. सी. स्टॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. पानावर काहीच नाही तर शून्य, मोठे मोकळे फोड आले तर चार. दोनपर्यंत रोप टिकलं म्हणायचं, तीनपासून पुढे ते रोगाला बळी पडलं. काळ्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी त्यांनी जे बारा गहू नेमले, त्यातला एक आपला खपली. सातारा-सांगलीकडे ज्याच्या पुरणपोळ्या आणि खीर करतात, तोच. तांबेऱ्याला दाद न देणारा गहू म्हणून तो जगभरच्या प्रयोगशाळांत पोचला आणि त्याच्यातून एसआर १३ आणि एसआर १४ ही प्रतिकारक जनुकं मिळाली. आफ्रिकेत १९९८-९९ मध्ये युगांडात सापडलेल्या युजी९९ या तांबेऱ्याने एसआर ३१ हे जगभर पेरलं गेलेलं जनुक निकामी केलं, तेव्हा शास्त्रज्ञ परत खपलीच्या एसआर १३ कडे वळले. माझ्या ट्रेच्या कोपऱ्यात खपलीची चार रोपं असतात. त्यांच्या पानांवर नुसते फिकट ठिपके.

सकाळी सात

शेतात दव आहे. तांबेऱ्याच्या प्लॉटमध्ये जायचे कपडे वेगळे, बूट वेगळे, कारण बीजाणू कापडाला चिकटून दुसरीकडे जातात. दर काही ओळींनंतर रोगाला पटकन बळी पडणाऱ्या गव्हाची एक ओळ मुद्दाम पेरलेली असते. तिथून रोग सगळीकडे पसरावा आणि माझ्या प्रत्येक ओळीची परीक्षा व्हावी, यासाठी. त्या ओळीत हात घातला की बोटं विटेच्या भुकटीसारखी होतात.

मी आकडा सांगते, ज्युनियर वहीत लिहितो. पानाचा किती भाग फोडांनी व्यापला ते टक्क्यांत, आणि पुढे फोडाच्या जातीचं अक्षर. चाळीस एस (बळी पडलेली), वीस एमएस (मध्यम बळी पडलेली), पाच आर (टिकलेली).

"ताई, ही ओळ वाळतेय का? सगळ्या पानांची टोकं जळालीत."

वाळत नाहीये. पानाचं टोक पिवळं पडून सुकतं, खाली पान हिरवंगार राहतं आणि त्या हिरव्या भागावर फोड विरळ आणि बारीक असतात. एलआर ३४ हे जनुक असलेल्या गव्हाची ही ओळखखूण आहे. मी त्याला जवळ बोलावून एक पान उलटसुलट करून दाखवते: टोकाकडे दोन-तीन सेंटिमीटर सुकलेलं, मधे चार-पाच तांबूस ठिपके, शेजारच्या ओळीतल्या पानावर तेवढ्याच जागेत मोजता येणार नाहीत इतके. शेतकऱ्याला हे टोक दिसलं तर तो औषध फवारायला निघेल. मला ते दिसलं की सकाळ सार्थकी लागते.

माझा प्रबंध या जनुकावर आहे. तांबेऱ्याविरुद्धची बरीच जनुकं कुलूप-किल्लीसारखी चालतात. बुरशीत एक बदल झाला की किल्ली लागते आणि वाण पडतो. एलआर ९ आणि एलआर १९ यांच्यावर मात करणारे प्रकार भारतात आलेले आहेत. एलआर ३४ रोग रोखत नाही, त्याची चाल मंद करतं. ब्राझीलच्या फ्रोंटाना या गव्हातून ते जगभर गेलं, दशकानुदशकं वापरात राहिलं आणि अजून टिकून आहे. २००९ मध्ये त्याची नेमकी रचना सापडली. पेशीत पदार्थ इकडून तिकडे नेणारं एक प्रथिन त्यातून बनतं. पण कोवळ्या रोपात ते नीट दिसत नाही. पूर्ण वाढलेल्या झाडावरच वाचावं लागतं, म्हणजे शेतात, थंडीत, वर्षातून एकदा. मार्चमध्ये ऊन चढलं की पान वाळतं आणि वही बंद होते.

आपल्याकडच्या मैदानातला उन्हाळा बीजाणूंनाही सोसत नाही. आग्रा कॉलेजचे करमचंद मेहता यांनी वर्षानुवर्षं मेहनत करून दाखवलं की तांबेरा दर वर्षी डोंगरांतून वाऱ्याबरोबर खाली येतो, उत्तरेत हिमालयातून, दक्षिणेत निलगिरी-पळणीतून. आपल्या महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं. थंड, दमट डोंगरमाथा तांबेऱ्याला, म्हणजेच गेरव्याला, मानवतो, म्हणूनच. मेहतांच्या कामाला तेव्हाच्या इम्पीरियल कौन्सिलने निधी दिला आणि १९४० साली त्यांचा मोठा ग्रंथ छापला. वारा, डोंगर आणि ऋतू यांचा माग काढायचा तर माणसाला वर्षामागून वर्ष तेच काम करता आलं पाहिजे. त्यासाठी पैसा धीराचा लागतो.

साडेदहा

कपडे बदलून ऑफिसात. आज फेलोशिपचे कागद.

नेट-जेआरएफची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून ३१ हजारांवरून ३७ हजार झाली. दोन वर्षांनी समितीपुढे काम मांडून सीनिअर फेलो झालं की ४२ हजार, वर घरभाडं. आमच्या लॅबमध्ये एक जण सारथीची फेलोशिप घेतो, एक जण महाज्योतीची, एक मुलगी बार्टीची. दरही साधारण याच धर्तीवर ठरतात. ही रक्कम छोटी आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या घरात एवढा पगार कुणाला नव्हता. शेतकऱ्याची, शेतमजुराची मुलं आज गव्हाच्या जनुकांवर काम करतायत ती या पैशामुळे. ज्यांना नातेवाईक विचारतात, "अजून किती वर्षं शिकणार?", त्यांना याच पैशामुळे मान वर करून उत्तर देता येतं.

माझं म्हणणं पैसा कधी येतो याबद्दल आहे.

हजेरीपत्रक, सहामाही प्रगती अहवाल, घरभाड्याचं प्रमाणपत्र, मागच्या खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र. मी फाईल पुढे करते.

"भाऊसाहेब, आज पुढे जाईल ना?"

"मॅडम, साहेबांची सही राहिलीय. आवक क्रमांक घालून ठेवतो, उद्या टिपणीसोबत पाठवतो."

ते मनापासून मदत करतात. त्यांच्या टेबलावर माझ्यासारख्यांच्या किती फायली आहेत ते मला दिसतं. पण एका टेबलावर दोन दिवस, दुसऱ्यावर आठवडा, मग तिथून वर. मागच्या वर्षीचा हप्ता असाच पावसाळ्यातून हिवाळ्यात गेला. त्या काळात खोलीचं भाडं मैत्रिणीने भरलं आणि मेसच्या मावशींनी "येतील तेव्हा दे" म्हणून वही बाजूला ठेवली.

भाड्याचं निभतं. संशोधनाच्या किरकोळ खर्चाचं निभत नाही. जेआरएफमध्ये विज्ञान शाखेला हा निधी पहिली दोन वर्षं वर्षाला १२ हजार आणि पुढची तीन वर्षं २५ हजार असतो. त्यात प्रायमर, एन्झाइम, अगारोज, प्लॅस्टिकच्या नळ्या, शेतावर जायचं पेट्रोल, सगळं. गाईडचा एखादा प्रकल्प चालू असेल तर ओढाताण कमी होते, नसेल तर आपणच आधी खर्च करायचा आणि बिलं लावून वाट बघायची. गव्हाची पेरणी नोव्हेंबरात, तपासणी डिसेंबर-जानेवारीत. पैसे मार्चअखेरीस आले तर शेतात खळं चालू असतं. कागदावर ते त्याच आर्थिक वर्षात मिळालेले असतात, आणि माझा एक हंगाम गेलेला असतो.

बारा

लॅब. आजची घाई समजायला संकर कसा होतो ते सांगायला हवं.

आमच्याकडचा एक जुना वाण आहे, पोळीला उत्तम, लोकांच्या तोंडी बसलेला, पण तांबेऱ्याला लवकर बळी पडणारा. असे वाण शेतकरी सोडत नाहीत. गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारतीचा लोक-१ हा १९८२ चा वाण. तांबेरा पडतो हे माहीत असूनही लोकांनी तो किती वर्षं पेरला ते बघा. त्यांच्यावर नवा गहू लादण्यापेक्षा त्यांच्या आवडत्या गव्हात एवढं एक जनुक घालून द्यावं, हे मला जास्त पटतं. त्यासाठी दात्या गव्हाशी एकदा संकर करायचा आणि मग पुढच्या पिढ्या पुन्हा पुन्हा मूळ वाणाशीच जोडत जायच्या. दर पिढीत निम्म्याच रोपांत जनुक उतरतं. कुठल्या, ते बाहेरून कळत नाही. ओंबी पोटरीतून बाहेर पडते तेव्हा आतले परागकोश अजून हिरवे असतात. ते पिवळे व्हायच्या आत काढायला मिळतात दोन-तीन दिवस. त्याआधी डीएनएचा निकाल हातात हवा, नाहीतर निम्मी मेहनत भलत्याच झाडांवर जाते आणि पुढची संधी वर्षाने.

या पिढीच्या डीएनए तपासणीचे प्रायमर डिसेंबरात यायचे होते. बिलाचे पैसे अडकले, ऑर्डर अडकली. शेवटी गाईड सरांनी दुसरीकडून सोय केली आणि पार्सल परवा आलं. माझ्या ओंब्या कालपासून डोकावायला लागल्यात.

डीएनए काल काढून ठेवला आहे. द्रव नायट्रोजनमध्ये पान कुटून, पासष्ट अंशांच्या पाण्यात ठेवून, क्लोरोफॉर्मने धुऊन. आज पीसीआर. पिपेट, नळी, पिपेट, नळी. बोलायचं नाही, मोजणी चुकते.

अडीच

मशीन चालू. डबा. मेथीची भाजी, भाकरी. मैत्रीण तिच्या समितीपुढच्या सादरीकरणाची तालीम करते, मी ऐकते.

चार

सरांबरोबर बैठक. वर्षाला एकच पिढी मिळते म्हणून निलगिरीत वेलिंग्टनला किंवा हिमाचलात लाहौलला उन्हाळ्यात पेरणी करण्याचा विषय निघतो. तिकडे जून-जुलैतही गहू येतो, म्हणजे वर्षाला दोन पिढ्या. दुसरा रस्ता दिव्याखालच्या शेतीचा. दिवसाला बावीस तास प्रकाश देऊन वसंती गव्हाच्या वर्षाला सहा पिढ्यांपर्यंत काढता येतात, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. दोन्हीला पैसा लागतो, प्रवासाला मंजुरी लागते, दिव्यांना आणि विजेला खर्च लागतो.

सर वहीत हिशोब मांडतात. पाच वर्षांची फेलोशिप. पहिलं वर्ष कोर्सवर्क आणि विषय ठरवण्यात. उरल्या चार थंड्या. संकर आणि तीन वेळा मूळ वाणाशी जोड यातच चारही संपतात. मग स्थिर ओळी काढून शेतात तपासायच्या कधी? म्हणून बहुतेक प्रबंध गव्हाचं अर्धं काम करून थांबतात, आणि तयार होत आलेलं बियाणं पुढच्या विद्यार्थ्याची वाट बघत फ्रीजमध्ये पडून राहतं. फेलोशिप माणसाला मिळते. बियाण्याची पुढची सोय कुणाच्या नावावर नसते. मला ही सगळ्यात मोठी त्रुटी वाटते आणि सरांनाही.

साडेसहा

पॉलीहाऊस. पाण्यात थोडं ट्वीन-२०, त्यात चिमूटभर बीजाणू. नाहीतर ते पाण्यावर तरंगत राहतात. नव्या ट्रेवर बारीक फवारा, पेटी बंद.

रात्री नऊ

तीन टक्के अगारोजचं जेल. खालून अतिनील दिवा लावला की अंधाऱ्या खोलीत पट्ट्या उजळतात. पहिल्या खाचेत मोजपट्टी, दुसऱ्या खाचेत मूळ वाण, त्याची एकच पट्टी वर, २२९ बेस जोड्यांवर. तिसऱ्यात दाता, एकच पट्टी खाली, १५० वर. पुढे माझी रोपं. काहींना नुसती वरची, काहींना दोन्ही. दोन्ही असलेली माझी.

मी दोनदा वाचते आणि ज्युनियरकडून तिसऱ्यांदा वाचून घेते. जवळपास निम्मी आहेत, अपेक्षेप्रमाणे. त्यांच्या क्रमांकांची यादी करून शेतावरच्या मावशींना फोन लावते.

"मावशी, उद्या साडेसहाला याल का? मी लाल दोरा बांधून ठेवते, त्याच झाडांच्या ओंब्या सोलायच्यात."

"येते की. चिमटे गेल्या वर्षीचेच हायत का? त्यांची टोकं बोथट झालीत बघ, नवे आण."

नवे चिमटे मागणीच्या यादीत आहेत, त्याच फाईलमध्ये. आज मेडिकलवाल्याकडून दोन घेऊन येते, पावती सांभाळून ठेवते.

मग लॅपटॉप. फेलोशिपबाबत सूचना मागवणारं एक परिपत्रक विभागात फिरतंय, मुदत या आठवड्यात. तीन मुद्दे लिहिले. शेतीविषयक संशोधनाचा खर्चाचा हप्ता पिकाच्या पेरणीआधी द्यावा, रब्बीसाठी ऑक्टोबरच्या आत. बिलं नंतर तपासा, पण विद्यार्थ्याला स्वतःच्या खिशातून आधी भरायला लावू नका. आणि पाचव्या वर्षी शेतात उभ्या असलेल्या ओळी पूर्ण तपासून होईपर्यंत एका हंगामाची वाढ मिळावी, अर्ज आणि गाईडचं पत्र एवढ्यावर. खाली आमच्या लॅबमधल्या सगळ्यांच्या सह्या उद्या दुपारी घेईन, सकाळी शेतातून आल्यावर.