पंचगंगेवरचे काशीकर

कार्तिक पौर्णिमेला दिवेलागणीच्या वेळी काशीतल्या पंचगंगा घाटावरचा ‘हजारा’ उजळतो. हा दगडी दीपस्तंभ अहिल्याबाई होळकरांनी उभारलेला. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा अशा पाच नद्यांचा संगम इथे मानतात. डोळ्यांना दिसते ती एकटी गंगा. मराठी माणसाचंही इथे तसंच झालं. चारशेहून अधिक वर्षं तो काशीत मिसळत राहिला, आणि वरवर पाहणाऱ्याला आता फक्त काशी दिसते.

परक्या शहरात महिना-दोन महिने घर भाड्याने घेऊन तिथल्यासारखं राहावं, अशी हौस हल्ली युरोपला जाणाऱ्यांमध्ये दिसते. आपल्याकडे अशा मुक्कामाला काशीवास हा शब्द फार जुना आहे. यात्रेकरू गंगेची कावड घेऊन परततो. काशीवासी मात्र तिथल्या गल्लीत चूल मांडतो.

मागे वळून पाहताना पहिले आठवतात ते एकनाथ. पैठणला सुरू झालेलं त्यांचं भागवत काशीत पुरं झालं, शके १४९५, म्हणजे इसवी सन १५७३ च्या कार्तिक पौर्णिमेला. मराठीत असा ग्रंथ होतो आहे म्हणून काशीच्या पंडितांनी आधी हरकत घेतली, आणि मग त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली, असं परंपरा सांगते. अठरा हजारांवर ओव्यांचं ते काम. बरेच महिने इथला होऊन राहिल्याशिवाय ते तडीस जाणं शक्य नव्हतं.

त्याच शतकात पैठणचंच भट्ट घराणं काशीत स्थिरावलं. रामेश्वरभट्ट आले, त्यांचे पुत्र नारायणभट्ट काशीच्या विद्वत्सभेचे धुरीण झाले. याच घराण्यातले गागाभट्ट १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी रायगडावर आले, ते काशीचे पंडित म्हणून. काही पिढ्यांत पैठणकर पुरते काशीकर झाले होते.

अठराव्या शतकात पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर काशीत येऊन राहिले. पंचगंगेला लागून असलेले दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट त्यांनी बांधले, आणि तिथल्या गल्ल्यांत मराठी वस्ती वाढली. औरंगजेबाच्या काळात पाडलेल्या बिंदुमाधवाचं आजचं मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभं केलं. काशीचे राजे वेगळे होते, तरी काशीची ओढ पुणे, औंध आणि महेश्वर या सगळ्यांना होती.

मला मात्र या घाट-मंदिरांपेक्षा १९१६ मधला एक तरुण जास्त जवळचा वाटतो. इंटरची परीक्षा द्यायला मुंबईला निघालेले विनायक भावे वाटेत सुरतेला उतरले आणि काशीला आले. दुर्गाघाटावर राहिले. दुपारी अन्नछत्रात जेवायचं, तिथे दक्षिणा म्हणून दोन पैसे मिळायचे, त्यांत संध्याकाळचं दही आणि रताळी यायची. असे दोन महिने काढून ते जूनमध्ये गांधीजींकडे अहमदाबादला गेले. पुढे जग त्यांना विनोबा म्हणून ओळखू लागलं. शहराने घातलेलं खाऊन, शहर झोपतं तसं झोपून त्यांनी काशी अनुभवली.

आणि बाबूराव विष्णु पराडकर! १८८३ मध्ये काशीतल्या मराठी घरात त्यांचा जन्म. १९२० मध्ये निघालेल्या ‘आज’ या दैनिकाचे संपादक म्हणून त्यांनी हिंदी पत्रकारितेला घडवलं. हिंदीत ‘मुद्रास्फीति’सारखे शब्द रुळवण्याचं श्रेय त्यांना देतात. घरात मराठी आणि लेखणीत हिंदी, दोन्ही तितक्याच मायेने सांभाळल्या. त्यांच्या मराठीपणाला हिंदीमुळे कधी उणेपणा आला नाही. काशीतल्या याच मराठीपणाची खूण म्हणून ब्रह्माघाटावर १८९८ पासून सार्वजनिक गणपतीही बसतो आहे.

महाराष्ट्रातून काशीला जाणारे आपण बहुतेक तीन रात्री राहतो. दर्शन, गंगास्नान, खरेदी, आणि परतीची गाडी. ज्यांना जमेल त्यांनी एकदा कार्तिक महिनाभर तिथे राहावं. पंचगंगेवर रोज संध्याकाळी उंच बांबूंच्या टोकांना टोपल्यांतून आकाशदिवे चढतात. भाजीवाल्याशी त्याच्या बोलीत बोलावं, त्याच घाटावर रोज उतरावं, आकाशदिवे मोजत पौर्णिमेपर्यंत थांबावं. हजारा पेटेल तेव्हा आपण गर्दीत असू, पण पाहुणे नसू. एकनाथांचा ग्रंथ पुरा झाला, ती तिथीही तीच.