गाणे ऐकावे की यंत्र?

वाशीमला आमच्या घरी पूर्वी एकच ट्रान्झिस्टर होता. खरखर असायची, तरी नाट्यसंगीत लागले की सगळे घर कान देऊन ऐकायचे. पुढे हातात पैसा आला आणि मी ॲम्प्लिफायर, मोठे स्पीकर, जाड वायरी अशी भर घालत गेलो. एकदा सौभाग्यवती म्हणाली, "अहो, हल्ली तुम्ही गाणे ऐकत नाही, मशीन ऐकता." खरेच होते. भैरवी चालू असे आणि माझे लक्ष उजव्या स्पीकरच्या बारीक गुणगुणीकडे!

लहानग्या भीमसेन जोशींनी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकली ती तबकडीवरच. आणि १९३३ मध्ये, अकराव्या वर्षी, गाणे शिकण्यासाठी घर सोडले. मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. तेवढ्यात काम झाले.

याचे एक कारण आपल्या ऐकण्यातच आहे. पुरुष गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज साधारण ७० हर्ट्झचा. छोट्या स्पीकरमधून तो जवळजवळ येतच नाही. त्याचे उपस्वर मात्र येतात आणि त्यांवरून मेंदू खर्ज जुळवून घेतो.

चांगल्या यंत्राला माझा विरोध नाही. पण आधी खोलीकडे पाहा. स्पीकर कोपऱ्यातून दोन हात पुढे घ्या, उघड्या भिंतीवर जाड पडदा किंवा गोधडी टांगा. घुमारा कमी होतो. मी एवढेच केले. आता संध्याकाळी पंखा बंद करून सगळे एकत्र ऐकतो. मधेच कुकरची शिट्टी होते, ती होऊ द्यावी.