पायाची न भरणारी जखम आणि सिस्टरचे शिक्षण

मुळशीत आषाढात भातलावणी सुरू झाली की पाय दिवसभर चिखलात असतात. एरवी आपली माणसे पिरंगुटच्या कारखान्यांत, हिंजवडी-माणच्या सोसायट्यांत वॉचमन किंवा साफसफाईच्या कामावर तासन्‌तास उभी. त्यातल्या काहींच्या घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट पडते, खाज सुटते, कुठेतरी खरचटायचे निमित्त होते आणि झालेली जखम महिनोन्‌महिने भरत नाही. कपडा भिजतो, वास येतो. मग माणूस लग्नाला, बैठकीला जाणे टाळतो. वस्तीत हे दुखणे लपवले जाते, म्हणून या वेळी त्यावर लिहीत आहोत.

अशा माणसाला विचारा, तो लावलेल्या औषधांची यादी सांगेल : हळद, चुना, राख, मेडिकलमधली पावडर, अँटिबायोटिक गोळ्या. जखम भरत का नाही, हे मात्र त्याला कुणी सांगितलेले नसते. आमच्या मते सगळा घोळ इथेच आहे.

पायाच्या शिरांत झडपा असतात. त्या रक्त वर जाऊ देतात, खाली परतू देत नाहीत. वर्षानुवर्षे उभे राहून, बाळंतपणांमुळे किंवा वजनामुळे झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते, सूज येते, कातडी कमकुवत होते. घोट्याच्या वर होणाऱ्या बहुतेक जुन्या जखमा या जातीच्या. तंबाखू-विडीने धमन्या अरुंद झाल्या तर गोष्ट उलटी : रक्त खाली पोहोचतच नाही, पाय गार पडतो, रात्री ठणकतो, बोटे काळी पडू लागतात. मधुमेहात आणि कुष्ठरोगात तळव्याची संवेदना जाते, काटा रुतला तरी कळत नाही. (बाबासाहेबांनाही मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत पायांच्या वेदनांनी त्यांना फार छळले.)

शिरांच्या जखमेवर मलमापेक्षा दाबाची पट्टी महत्त्वाची. ती बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत बांधतात, दाब घोट्याशी जास्त आणि वर कमी होत गेलेला. हातावर पोट असणाऱ्यांना हा उपाय परवडतो, कारण पट्टी बांधून चालता येते आणि चालताना पोटरी रक्त वर ढकलते. खाटेवर पडून राहा, हे सांगणे सोपे असते. रोज कोण भरून देणार? मात्र धमनी अरुंद असलेल्या पायाला तीच घट्ट पट्टी बांधली तर पाय सडू शकतो. म्हणून ती घरच्या घरी कुणी बांधू नये.

हा फरक ओळखणे हे सिस्टरचे कसब. ती पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्यामागे नाडी चाचपते. मग हातात मावणाऱ्या डॉप्लर यंत्राने घोट्याचा रक्तदाब मोजून त्याला दंडाच्या रक्तदाबाने भागते. उत्तर ०.८ पेक्षा कमी आले तर पूर्ण दाबाची पट्टी नाही, आधी डॉक्टर.

एएनएम दोन वर्षांचे, जीएनएम तीन वर्षांचे, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे. ड्रेसिंग तिन्हीकडे शिकवतात. पण ड्रेसिंग बदलता येणे वेगळे आणि जखम ओळखता येणे वेगळे. दाबाची पट्टी जाणत्या हाताखाली, खऱ्या पायांवर पुन्हा पुन्हा बांधूनच येते. सराव सुटला की ताण चुकतो.

असे शिक्षण दिले तर काय होते, हे लंडनमध्ये दिसले. चेरिंग क्रॉस रुग्णालयाच्या पुढाकाराने १९८० च्या दशकाच्या अखेरीस नर्सना डॉप्लर आणि चार थरांची पट्टी शिकवली गेली आणि रुग्णालयाबाहेर नर्सनी चालवलेली केंद्रे उघडली. १९९२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष आले : बारा आठवड्यांत भरणाऱ्या जखमांचे प्रमाण कितीतरी वाढले होते. त्यासाठी मोठे ऑपरेशन थिएटर लागले नव्हते. पौडच्या ग्रामीण रुग्णालयात आणि तालुक्याच्या आरोग्य केंद्रांत डॉप्लर आहे का, तो वापरायला कुणाला शिकवले आहे का, हे ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत विचारायला हवे. सिस्टरवर राग काढून उपयोग नाही, शिक्षण देणे वरच्यांचे काम आहे. आपल्या वस्त्यांतल्या ज्या मुली नर्सिंग करत आहेत, त्यांनी जखमांच्या वॉर्डात जास्त दिवस मागून घ्यावेत.

घरच्यांनी सिस्टरला चार गोष्टी विचाराव्यात : जखम कोणत्या जातीची, साखर तपासली का, नाडी लागली का, जखमेची लांबी-रुंदी लिहून ठेवली का. चार आठवड्यांत ती लहान झाली नाही, तर पुढे पाठवायला सांगावे. अनेक वर्षांच्या जखमेची कड उंच होऊ लागली तर तुकडा तपासावा लागतो, क्वचित तो कॅन्सर असतो. जखम उकळून कोमट केलेल्या पाण्याने धुवावी, उन्हात सुकवू नये. अँटिबायोटिक संसर्ग असेल तरच. ताप आला, लाली झपाट्याने पसरली किंवा बोट काळे पडले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

जखम भरली तरी झडपा दुरुस्त झालेल्या नसतात. डॉक्टरांनी दाबाचे मोजे लिहून दिले तर ते सकाळी उठल्याबरोबर, सूज चढायच्या आत घालावेत, रात्री काढावेत आणि साधारण सहा महिन्यांनी बदलावेत, कारण तोवर त्यांचा ताण गेलेला असतो.