तिखट मॅकरोनी-चीज: सॉस फुटतो का?

भाजलेल्या मॅकरोनी-चीजची कसोटी ओव्हनच्या आधी, पातेल्यातच लागते. मेरी रँडॉल्फ यांच्या १८२४ च्या अमेरिकी पाकपुस्तकात मॅकरोनी, चीज आणि लोणी एवढ्यांचेच थर आहेत. हॉट सॉस त्यात नाही; लुइझियानातला टबॅस्को सॉसच मुळी १८६८ च्या सुमाराचा.

चेडर नुसते तापवले की त्यातील केसिन या प्रथिनाची जाळी आकसते आणि वर तेलाचा तवंग येतो. म्हणून आधी लोण्यात मैदा परतून दूध घालतात. मैद्यातला स्टार्च फुगून सॉस दाट करतो, प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही. किसलेले चीज गॅस बंद केल्यावर मूठमूठ घालावे. उकळत्या सॉसमध्ये ते हमखास रवाळ होते.

हॉट सॉसमधल्या व्हिनेगरचाही धोका असतो. सामू ४.६ च्या आसपास उतरला की केसिन साकळते, लिंबू पिळलेल्या दुधासारखे. हॉट सॉसचे दोन-तीनच चमचे शेवटी ढवळले तर स्टार्च सॉसला सांभाळून घेतो. मिरचीतील कॅप्सेसिन स्निग्धांशात विरघळते, केसिनलाही चिकटते. त्यामुळे तिखटाची धार बोथट होते, आणि हीच या जोडीची खरी गंमत.

मॅकरोनी थोडी कच्चीच निथळावी, कारण उरलेले पाणी ती सॉसमधून शोषते. वर ब्रेडचा चुरा पसरून १८० अंश सेल्सिअसवर कडा खदखदेपर्यंत भाजावे.