घरची कोंबडी : खर्च किती, बरकत किती?

आपल्या सोलापुरात चादरी-टॉवेलच्या धंद्याला मंदी आली की मागावर काम करणाऱ्या घरांत जोडधंद्याचा विषय निघतो. कोणी शिलाई मशीन घेतो, कोणी शेळी बांधतो आणि बरेच जण म्हणतात, "परसात पाच-सहा कोंबड्या पाळू. घरची अंडी, घरची पिल्ले, खर्च काही नाही!" पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी मात्र तपासून पाहिली पाहिजे. कापडाचा धंदा करणारे आम्ही तागा हातात घेतला की आधी सूत, मजुरी, रंगाई आणि घट यांचा हिशेब मांडतो. कोंबडीलाही तोच नियम लावला तर या धंद्यात काय मिळते आणि काय मिळत नाही, हे स्पष्ट होते.

अंड्याचा खरा भाव

समजा, एका घरात पाच गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. मोठ्या पक्ष्याला दिवसाला सुमारे १०० ग्रॅम खाद्य लागते. म्हणजे सहा पक्ष्यांना महिन्याला १८ किलो झाले. यातले निम्मे उरलेली भाकरी, भाजीचा पाला, किडे-मुंग्या यांतून निघाले तर ९ किलो विकत घ्यावे लागेल. ज्वारी, मका, तुकडा तांदूळ आणि पेंड मिळून सरासरी ३० रुपये किलो धरले, तर महिन्याला २७० आणि वर्षाला ३,२४० रुपये होतात. खुराडे ३,००० रुपयांत तयार झाले आणि पाच वर्षे टिकले, तर त्याची झीज वर्षाला ६०० रुपये धरावी. लस आणि औषधाला ३०० रुपये ठेवावेत. एकूण खर्च ४,१४० रुपये झाला.

आता जमेची बाजू पाहू. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते. ७० धरली तर पाच कोंबड्यांची ३५० अंडी होतात. १२ रुपये भावाने त्यांचे ४,२०० रुपये झाले. म्हणजे वर्षभराच्या मेहनतीनंतर ६० रुपये उरले! वरील दर आम्ही उदाहरणादाखल घेतले आहेत. वाचकांनी आपापल्या बाजाराचे दर घालून पाहावेत. पण निष्कर्ष फारसा बदलणार नाही. घरच्या अंड्याला जवळजवळ १२ रुपये खर्च येतो. सगळे खाद्य विकत आणले तर तोच खर्च २१ रुपयांवर जातो.

फार्मची अंडी यापेक्षा स्वस्त का पडतात, हेही समजून घ्यावे. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये पुण्यात वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पुढे १९८२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. ही समिती अंड्याचे रोजचे भाव जाहीर करते. फार्मवरची संकरित कोंबडी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. आपली ७० अंड्यांची गावरान कोंबडी भावात तिच्याशी स्पर्धा करू शकत नाही, आणि तिने करूही नये. गावरान अंड्याचे गिऱ्हाईक वेगळे असते. ते दोन पैसे जास्त देते, पण ताज्या मालाची खात्री मागते.

नफा पिल्लांत आहे

हे सर्व वाचून खुराडे मोडायचे कारण नाही. अंडी खाद्याचा खर्च भागवतात. खरी कमाई उबवणीत आहे.

त्याच ३५० अंड्यांपैकी ४८ अंडी चार खुडूक कोंबड्यांखाली, प्रत्येकी १२ प्रमाणे, बसवली असे समजू. ती विकली असती तर ५७६ रुपये आले असते, तेवढे भांडवल गुंतले. त्यातून ३६ पिल्ले निघाली आणि मांजर, घार, थंडी, रोग यांतून २४ मोठी झाली. पाच महिन्यांत एका पक्ष्याला तीन किलो खाद्य विकत घ्यावे लागले, म्हणजे ९० रुपये, तर एकूण २,१६० रुपये होतात. लस आणि इतर खर्चाला ४०० धरावेत. सर्व मिळून ३,१३६ रुपये झाले. एक पक्षी ३५० रुपयांना गेला तर ८,४०० रुपये येतात. शिल्लक ५,२६४ रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ४४० रुपये.

ही रक्कम मोठी नाही. यावर घर चालत नाही. पण घरात बसून विड्या वळणाऱ्या किंवा चादरींच्या गाठी बांधणाऱ्या भगिनीच्या हातात मुलांच्या वह्या-पुस्तकांपुरते स्वतःचे पैसे येतात, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र ज्यांच्याकडे परस नाही आणि गल्लीतले एक-दोन खोल्यांचे घर आहे, त्यांनी चारऐवजी एकच उबवणी करावी. दाटीत ठेवलेली पिल्ले आधी एकमेकांना टोचतात आणि मग आजारी पडतात. शहरात पाळण्यापूर्वी महापालिकेच्या नियमांची चौकशी करावी आणि शेजाऱ्यांनाही विचारावे. एक बाब अनेकांना ठाऊक नसते. अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही, तो फक्त उबवणीच्या अंड्यांसाठी लागतो. पहाटेच्या बांगेवरून शेजाऱ्यांशी वाद होणार असेल, तर नुसत्या कोंबड्या पाळाव्यात आणि उबवणीची अंडी ओळखीच्या घरून आणावीत.

एकवीस दिवसांचे काम

उबवणीसाठी मध्यम आकाराची, स्वच्छ, न तडकलेली अंडी निवडावीत. ती धुऊ नयेत, कारण धुतल्याने टरफलावरचे संरक्षक आवरण जाते. निमुळते टोक खाली ठेवून थंड जागी ठेवावीत आणि आठवड्याच्या आत बसवावीत. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात, जेव्हा पारा ४० च्या वर जातो, तेव्हा साठवलेल्या अंड्यातला जीव अर्धवट वाढू लागतो आणि मग मरतो. म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात उबवणी टाळावी. पावसाळा स्थिरावल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला.

खुडूक कोंबडीला संध्याकाळी अंधार पडल्यावर, शांत कोपऱ्यात, राखेवर गवत पसरलेल्या टोपलीत बसवावे. राखेमुळे उवा-पिसवा कमी होतात. ती दिवसातून एकदा उठते, खाते, पाणी पिते आणि परत बसते. त्यासाठी दाणा-पाणी जवळच ठेवावे. अंडी फिरवण्याचे काम ती स्वतः करते. मागाच्या शेडमध्ये मात्र तिला बसवू नये. तेथील हादरे आणि आवाज उबवणीला बाधक असतात.

यंत्राने उबवायचे तर उष्णता ३७.५ अंशांच्या आसपास ठेवावी लागते. आर्द्रता ५५ ते ६० टक्के आणि शेवटचे तीन दिवस त्याहून जास्त हवी. दिवसातून तीन-चार वेळा अंडी फिरवावी लागतात. थर्मोकोलच्या पेटीत १०० वॅटचा तापणारा बल्ब सतत जळाला तर दिवसाला २.४ युनिट आणि २१ दिवसांत ५० युनिट वीज जाते. एलईडी दिव्याचा येथे उपयोग नाही, कारण तो पुरेसा तापत नाही. शिवाय वीज चार-पाच तास गेली तर सारा घाणा वाया जाण्याची भीती असते. दोन-चार डझन अंड्यांसाठी खुडूक कोंबडीच स्वस्त आणि भरवशाची.

यंत्राविना हजारो अंडी उबवण्याची कला इजिप्तमध्ये प्राचीन काळापासून आहे. तेथे मातीच्या मोठ्या भट्ट्यांत गवत आणि शेण जाळून ऊब धरत. उष्णता मोजायला साधन नव्हते. कारागीर अंडे पापणीला लावून अंदाज घेत आणि हा हुनर बापाकडून मुलाकडे जाई. आपल्या विणकर बांधवांना यात नवल वाटू नये. सुताचा ताण बोटाने ओळखणारे कारागीर आपल्याकडेही आहेत.

हिशेबात न बसणारी कमाई

सातव्या रात्री खोलीत अंधार करून अंड्यामागे बॅटरी धरावी. आत जीव असेल तर लाल शिरांचे जाळे दिसते आणि मध्ये एक ठिपका हलतो. नुसते पिवळे, स्वच्छ दिसले तर ते अंडे वांझ समजावे आणि काढून टाकावे. घरातील मुलांना हे अवश्य दाखवावे. विसाव्या दिवसाच्या सुमारास टरफलाच्या आतून चिवचिव ऐकू येते आणि कोंबडी हलक्या आवाजात उत्तर देते. त्या दिवशी घरातला टीव्ही आपोआप बंद होतो, असा आमचा अनुभव आहे.

पिल्लू बाहेर येताना टरफल सोलून मदत करू नये. रक्तवाहिन्या सुकायच्या आत ओढले तर ते दगावते. बाहेर आल्यावरही घाई नको. पोटात शोषलेल्या बलकावर ते पहिला दीड-दोन दिवस काढू शकते. म्हणूनच एक दिवसाची पिल्ले दूरच्या गावी पाठवता येतात.

तोटा कोठून येतो

पहिला शत्रू मानमोडी, म्हणजे राणीखेत. ही आली तर दोन-तीन दिवसांत खुराडे रिकामे होते. तिच्यावर इलाज नाही, फक्त लस आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात, दुसऱ्या आठवड्यात गंबोरो आणि सुमारे आठव्या आठवड्यात राणीखेतची टोचणी देतात. देवीची लसही द्यावी. नेमक्या तारखा पशुवैद्यकाकडून घ्याव्यात. अडचण अशी की लसीची बाटली साधारण १०० किंवा अधिक मात्रांची असते आणि कालवल्यावर काही तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी ती कोण आणणार? म्हणून मोहल्ल्यातील पाच-सहा घरांनी एकाच आठवड्यात अंडी बसवावीत, बाटली बर्फात ठेवून एकत्र आणावी आणि खर्च वाटून घ्यावा.

दुसरा तोटा आपल्या धंद्याशी संबंधित आहे. मागावरचा सुताचा कचरा पिल्लांखाली अंथरू नये. धागे पायात गुंततात. गिळले तर गळ्याखालच्या अन्नपिशवीत गोळा होऊन पिल्लू मरते. भाताचे तूस वापरावे आणि ओले झाले की बदलावे. बुरशी आलेले दाणे, विशेषतः शेंगदाणा पेंड, कधीही देऊ नये. खारट उरले-सुरलेही नको. उन्हाळ्यात पत्र्यावर चुना मारावा, ओली गोणपाटे लावावीत आणि पाणी दिवसातून दोन-तीनदा बदलावे. कोंबडीला घाम येत नाही, ती फक्त चोच उघडून धापा टाकते.

तिसरा तोटा बाजाराचा. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंब्यात तो पुन्हा दिसला. अशा वेळी त्या परिसरातील पक्षी नष्ट करावे लागतात आणि दूरच्या गावांतही मागणी बसते. पक्षी अचानक मोठ्या संख्येने मरू लागले तर लपवू नये. ते विकू नयेत, खाऊ नयेत आणि ताबडतोब सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

चौथा तोटा हव्यासाचा. झाबुआच्या कडकनाथाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याच्या नावाने योजना निघाल्या. पैसे भरा, पिल्ले घ्या, अंडी आणि पक्षी आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ, असे आश्वासन दिले जाई. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातून असेच एक प्रकरण उघडकीस आले. त्यात पश्चिम महाराष्ट्रातील अनेक शेतकऱ्यांचे लाखो रुपये अडकले. ज्या मालाचा एकच खरेदीदार आहे आणि तोच विक्रेताही आहे, तो सौदा कापडात आपण करत नाही. मग कोंबडीत का करावा? तसेच असील कोंबड्यांच्या झुंजी लावून पैसा करण्याचा मार्गही कोणी धरू नये. प्राण्यांना झुंजवणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि मुक्या जिवाला झुंजवणे व त्यावर पैज लावणे आपल्या दीनमध्येही निषिद्ध आहे.

विक्रीचे दिवस

बाजार पाहून अंडी बसवावीत. आषाढ अमावास्येला मागणी चढते, श्रावणात पडते आणि नंतर पुन्हा उठते. रमजान दर वर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतो, म्हणून त्याचे दिवस दर वर्षी नव्याने मोजावेत. गावरान कोंबडा विक्रीलायक व्हायला पाच-सहा महिने लागतात. आषाढासाठी जानेवारीत अंडी बसवली तर नेमके जमते.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी दोन तलंगा किंवा एक खुडूक कोंबडी आणि बारा अंडी एवढ्यावरच करावी. यासाठी कर्ज काढू नये. एका वहीत दोन पाने करावीत. डाव्या पानावर दाणा, लस आणि मेलेली पिल्ले लिहावीत, उजव्या पानावर विकलेले आणि घरात खाल्लेले. घरात खाल्लेले अंडेही बाजारभावाने जमेस धरावे, कारण मुलाच्या ताटात गेलेले अंडे हीदेखील कमाईच आहे. वर्षअखेर दोन्ही पानांची बेरीज पाहूनच दुसऱ्या कोंबडीचा विचार करावा. अल्लाह मेहनतीत बरकत देतो, पण हिशेबाची वही आपल्यालाच लिहावी लागते.