मुलांचे नाटक आणि घरातले बोलणे

मुलाला नाटकात पाठवा असे वस्तीत सांगितले की म्हातारी माणसे हटकून विचारतात, "पोरगं तमाशात घालवायचंय का?" शहरातल्या बालरंगभूमीच्या पुरस्कर्त्यांना हा प्रश्न अडाणीपणाचा वाटेल. मला त्यात इतिहास दिसतो. बारामती-इंदापूर भागात मांगाची हलगी आणि होलाराची सनई यांच्यावाचून गावात लग्न लागत नव्हते. वाजवणाऱ्याला मात्र जेवायला मांडवाबाहेर बसावे लागे. डोंबाऱ्याचे पोर दोरीवर चालले ते हौसेने नव्हे. कला आमच्या घरात जन्माबरोबर आली, आणि जातीचे काम म्हणून आली. म्हणून 'कलाशिक्षणाने कौटुंबिक जीवन समृद्ध होते' हे सुशिक्षितांचे आवडते वाक्य आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाही.

प्रस्थापित बालरंगभूमीचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. १९५९ साली सुधा करमरकरांनी 'लिटल थिएटर' काढून रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणले, तेव्हापासून मुलांसाठी वेगळे नाटक असते हे मराठी पालकांना कळले. पुढे १९८६ पासून डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने पुण्यात बर्लिनच्या ग्रिप्स पद्धतीची नाटके होऊ लागली आणि राजाराणीच्या जागी घरातली भांडणे, मोठ्यांची दडपशाही रंगमंचावर आली. हे पाऊल मोठे होते. पण त्या रंगमंचावरच्या घराला दार होते, आणि दाराआड मुलाला रुसायला एक कोपराही होता. आमच्या बहुसंख्य मुलांना रुसायला जागाच नसते.

आपली परंपरा दुसरीकडून येते. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली लिहिलेले 'तृतीय रत्न' हे मुळात एका कुटुंबाचे नाटक आहे. भटजीच्या थापांना भुललेले शेतकरी नवरा-बायको शेवटी रात्रीच्या शाळेत जायला निघतात. दोघे निघतात, हे महत्त्वाचे. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारले. त्याच वर्षी फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मांग समाजातील मुलगी महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिते आणि 'ज्ञानोदय' तो छापतो. पुढे १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमाशाचाच साचा घेऊन आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. ज्या कलेने लाज दिली होती, तिच्याकडूनच त्यांनी जागृतीचे काम करून घेतले. वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या प्रश्नाला खरे उत्तर हे आहे, आणि ते आपणच त्यांना सांगितलेले नाही.

आता प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. वर्गात आमचे मूल उत्तरापुरते बोलते. घरात तर ऐकण्यापुरतेच असते. नाटकात त्याला दुसऱ्याच्या जागी उभे राहून बोलावे लागते. बाप व्हायचे तर बाप पाहावा लागतो: तो कामावरून आल्यावर टॉवेल कुठे टाकतो, कोणत्या प्रश्नाला उत्तर देत नाही. आजी व्हायचे तर तिला विचारावे लागते. घरात जे विचारणे उद्धटपणाचे ठरते, ते 'नाटकासाठी पाहिजे' म्हटले की चालते. माझ्या मते मुलांच्या नाटकाचा घराला होणारा सर्वांत मोठा उपयोग हाच.

इंदापूर तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावात आम्ही सुट्टीत मुलांबरोबर नाटक बसवले. संहिता नव्हती. 'आपलं जुनं गाव' एवढा विषय दिला आणि घरी विचारून या म्हणालो. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाने भीमाकाठची गावे पाण्याखाली घेतली, हे मुलांना भूगोलात ठाऊक होते. आपले घर त्यात होते हे कित्येकांना ठाऊक नव्हते. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवच्या पळसनाथाच्या देवळाचे शिखर वर येते आणि वर्तमानपत्रांत छायाचित्र छापून येते. देऊळ दगडाचे, आमची घरे मातीची, ती विरघळून गेली. त्यांचे छायाचित्र कुणी काढणार नाही. मुलांनी आज्यांना विचारून राजवाड्यातली घरे खडूने मैदानावर आखली. प्रयोगाच्या दिवशी एक आजी उठून मध्ये आली आणि "आमची चूल हिकडं नव्हती, त्या अंगाला हुती," म्हणून तिने रेघ पुसून दुसरी ओढली. तिचा मुलगा, मुलांचा बाप, चाळिशी ओलांडलेला माणूस, ते पहिल्यांदाच ऐकत होता. त्या घरात धरण हा विषय कधी निघालेला नव्हता. नुकसानीचे बोलणे रिकामे असते, असा गरिबाच्या घरातला अलिखित नियम आहे.

हलगीचे तसेच. एका मुलाला नाटकात हलगी हवी होती. बापाने ती कधीच सोडून दिली होती, आणि स्वाभिमानानेच सोडली होती. तीन दिवस तो नाही म्हणाला. चौथ्या दिवशी तालमीला येऊन चामडे शेकून कसे ताणायचे ते त्याने सगळ्या पोरांना दाखवले, सवर्णांच्या पोरांनाही. सक्तीचे वाजवणे आणि आपल्या पोराला शिकवणे यांतला फरक त्याला कुणी समजावून द्यावा लागला नाही.

कार्यकर्त्यांशी माझे थोडे भांडण आहे. जयंतीच्या व्यासपीठावर सहा वर्षांच्या मुलाला पाठ केलेले भाषण बोट उगारून म्हणायला लावणे म्हणजे कलाशिक्षण नव्हे. दारूबंदीच्या पथनाट्यात मुलाच्या तोंडून त्याच्याच बापाला चारचौघांत झोडपणे तर घातकच. बाप खाली मान घालतो आणि रात्री त्याचा राग आईवर निघतो. मुलांना त्यांचे निरीक्षण मांडू द्या. निष्कर्ष आपण त्यांच्या तोंडात घालू नये.

शाळांबद्दल फार लिहीत नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलेला दहावीपर्यंत मुख्य विषयाचे स्थान द्यायला सांगितले. चित्रकलेचा तास गणिताला जातो, हे वाचकांतल्या शिक्षकांना मी काय सांगावे?

सर्वांत अवघड प्रश्न ऊसतोड कामगारांच्या मुलांचा. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर या कारखान्यांच्या परिसरात गळीत हंगामात बीडकडून टोळ्या येतात, कोप्या पडतात. नाटक अर्धे बसते तोवर टोळी पुढच्या फडावर जाते. तिथे महिनाभराच्या तालमीचे नाटक चालत नाही. दहा मिनिटांचे, सामानाशिवायचे, मुलाला डोक्यात घेऊन गावी नेता येईल असे नाटक लागते. तालीमही आई-बाप फडातून परतल्यावर, कोपीसमोरच घ्यावी, म्हणजे स्वयंपाक करता करता आईच्या कानावर पडते. आणि मुलगी तालमीला येते ती धाकट्या भावंडाला कडेवर घेऊनच. त्याला घरी ठेवून ये म्हणू नये. ते ती कुणाकडे ठेवणार? त्यालाही नाटकात घ्यावे.