चाकोरीतलं शेवाळ

नी-ऑलेसुंदमध्ये वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर खांद्याला रायफल हवीच. पांढऱ्या अस्वलाचा नेम नसतो. वनस्पती मोजायचं आमचं बाकीचं सामान मात्र साधं. दोऱ्यांच्या चौकड्या ओढलेली अर्ध्या मीटरची चौकट, लांब बारीक सुई, लोखंडी सळई, भिंग आणि कागदी पाकिटं.

चौकट जमिनीवर टेकवायची, दोरे जिथे एकमेकांना छेदतात तिथून सुई सरळ खाली सोडायची आणि टोकाला जे लागेल ते मोठ्याने सांगायचं. दुसरा लिहून घेतो. ‘‘शेवाळ. शेवाळ. दगडफूल. खडी. विलो.’’ हा विलो वृक्षांच्याच कुळातला, पण इथे त्याचं खोड मातीत आडवं पसरतं आणि पानं जमिनीपासून जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरवर थांबतात. बोटं बधिर होतात, तरी घाई चालत नाही. सुई किंचित कलली तरी शेवाळाच्या जागी माती लिहिली जाते.

स्वालबार्ड या नॉर्वेच्या आर्क्टिक द्वीपसमूहातलं हे गाव मुळात कोळसा खाणीचं. 1962च्या स्फोटात 21 कामगार गेले आणि पुढच्याच वर्षी खाण बंद झाली. आता इथे संशोधक राहतात. गोव्यात वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राकडून चालणारं भारताचं ‘हिमाद्री’ स्थानकही 2008पासून इथेच आहे. खाणीचे काळे ढीग आणि गाड्यांच्या चाकोऱ्या मात्र अजून तशाच आहेत.

ढिगावर आधी दिसतं ते सेराटोडॉन नावाचं शेवाळ, तांबूस देठांचं. उकरलेली जमीन, जुनी छपरं, रस्त्यांच्या कडा त्याला जगभर चालतात, अगदी अंटार्क्टिकातही. ओल्या चाकोरीत सॅनिओनिया हे दुसरं शेवाळ असतं; त्याची पानं कोयत्यासारखी एका बाजूला वळलेली. सुकलेला झुबका ओळखता आला नाही, तर त्यावर पाण्याचा थेंब सोडायचा. भिंगाखाली मिटलेली पानं बघता बघता उलगडतात. हे पाहताना मला दर वेळी आनंद होतो. मग नमुना कागदी पाकिटात. प्लास्टिकमध्ये त्याला बुरशी धरते.

सळईचं काम शेवटी. जाड शेवाळात ती थोडी आत जाते न जाते तोच खाली बर्फाळ जमिनीवर टणकन आपटते. उघड्या मातीत बरीच खोल जाते. शेवाळ ही या जमिनीची गोधडी आहे, उन्हाळ्याची ऊब खालच्या बर्फापर्यंत पोचू न देणारी. चाकाने ती फाटली की बर्फ वितळतो, जमीन खचते, खळग्यात पाणी साठतं आणि ते पाणी आणखी बर्फ वितळवतं. म्हणूनच बर्फ नसलेल्या, मऊ पडलेल्या जमिनीवर रस्ता सोडून गाडी घालायला इथे कायद्याने बंदी आहे.

जुन्या घरांच्या भिंतींलगत, कुत्र्यांच्या आवाराजवळ हिरवळ दाट असते. पाहुणे म्हणतात, निसर्गाने जखम भरून काढली. मला ते पटत नाही. ती हिरवळ विष्ठेतल्या आणि कचऱ्यातल्या नत्रावर पोसलेली असते. याच द्वीपसमूहातल्या बॅरेन्ट्सबुर्गला तर गोठ्याच्या आसपास बाहेरून आलेलं उंच पांढऱ्या फुलांचं झाड रुजलं आहे. शेजारच्या अस्पर्शित माळावरची ड्रायसची उशीसारखी झुडपं आणि संथपणे वाढणारी दगडफुलं आमच्या चाकोरीतल्या चौकटींत क्वचितच सापडतात.

त्यामुळे नोंदवहीत आम्ही ‘हिरवं’ असा एकच रकाना ठेवत नाही. प्रत्येक जातीचा रकाना वेगळा असतो, आणि चाकोरीतल्या पानांवर ड्रायसचा रकाना बहुतेक वेळा रिकामाच राहतो.